सल्ल्याचा निकाल

जमिनीचा दावा असेल तर अण्णांकडे जा, असं तालुक्याच्या कोर्टात कुणीही सांगे. सातबारा हातात आला की अण्णा मालकाचं नाव नंतर वाचत, आधी नावाशेजारच्या वर्तुळातला फेरफार क्रमांक बघत. "नाव कुणाचं ते सगळ्यांनाच दिसतं. ते तिथं लागलं कसं, हे फेरफार सांगतो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. चाळीस वर्षांची वकिली याच वाक्यावर उभी होती.

त्यांच्याकडे एकाच वर्षी दोन ज्युनिअर आले. दोघांच्याही सनदेवरची शाई ओली होती. पहिला हुशार, वाचलेला आणि कमालीचा अदबशीर. अण्णांच्या तोंडून निघालेला शब्द न् शब्द तो जाड डायरीत उतरवून घ्यायचा, म्हणून ऑफिसातल्या जुन्या कारकुनांनी त्याचं नाव 'डायरीसाहेब' ठेवलं. दुसरी मुलगी, शेतकऱ्याच्या घरातली, बेताचं बोलणारी. तिला ते नुसतं 'ताई' म्हणत.

सुरुवातीचे महिने दोघांचे सारखेच गेले. सकाळी बोर्ड बघायचा, मुदतीचे अर्ज द्यायचे, तारखा घ्यायच्या, नकलांसाठी खिडकीशी उभं राहायचं. डायरीसाहेब मात्र संधी मिळेल तेव्हा अण्णांना गाठायचा. "अण्णा, उलटतपास चांगला कसा घ्यावा?" अण्णा रंगात आले की तासभर बोलत. ऐकायला बहार यायची, डायरीची पानं भरायची. पण सोमवारी पिंजऱ्यात उभ्या राहणाऱ्या साक्षीदाराला नेमकं काय विचारायचं, ते त्या तासाभरात कुठंच नसायचं. कारण त्या साक्षीदाराचे कागद डायरीसाहेबानं अण्णांपुढे ठेवलेलेच नसत.

ताईनं महिनाभर नुसतं पाहिलं. स्टॅम्प किती लावायचा, नक्कल कुठल्या टेबलावर अडते, हे कारकुनांना विचारायचं. नियम पुस्तकात सापडतो तो पुस्तकात शोधायचा. दोन्हीकडे मिळत नाही तेवढंच अण्णांसाठी राखायचं. मग एकदा तिनं विचारलं, "अण्णा, शनिवारी संध्याकाळी मला अर्धा तास द्याल? येताना काम घेऊन येईन."

पहिल्या शनिवारी तिनं एका दाव्यातली कैफियत स्वतः लिहून आणली. खाडाखोड बरीच होती. दोन ठिकाणी समासात लाल खूण होती. ती म्हणाली, "परिच्छेद 4 मध्ये वादी म्हणतो की विहीर सामाईक आहे. मी 'मजकूर खोटा आहे' एवढंच लिहिलंय. ते पुरेल असं वाटत नाही, पण पुढं काय लिहावं ते सुचत नाही."

अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. "नाहीच पुरणार. दिवाणी प्रक्रिया संहितेचा आदेश 8 काढ, नियम 5 वाच. जे विधान नेमकेपणानं नाकारलं नाही, ते कबूल धरलं जाऊ शकतं. मोघम नकार म्हणजे अर्धी कबुली. विहीर कुणी खोदली, कधी खोदली, वीजजोड कुणाच्या नावावर आहे, ते लिही. नकाराच्या पाठीशी आपली हकीकत उभी कर." पाच मिनिटांत काम झालं. नेमकं बोट ठेवायला जागा मिळाली, म्हणून अण्णांनाही नेमकं बोलता आलं.

पुढच्या शनिवारी नवा प्रश्न काढण्याआधी तिनं मागचा हिशेब दिला. "तुम्ही सांगितलं तसं केलं. वीजबिल अशिलाच्या वडिलांच्या नावावर निघालं, ते जोडलं. पण विहीर खोदल्याचं वर्ष त्याला सांगता येईना, म्हणून ते लिहिलं नाही." हा तिचा शिरस्ताच पडला. काय सांगितलं होतं, काय केलं, पुढं काय झालं, एवढं बोलून झाल्याशिवाय नवा विषय नाही.

डायरीसाहेब तिला एकदा म्हणाला, "अर्धवट मसुदा अण्णांपुढे ठेवायला धीर होतो कसा? मला तर पूर्ण झाल्याशिवाय दाखवावंसंच वाटत नाही."

आतून अण्णांनी ऐकलं. हाक मारून म्हणाले, "अरे, गोखले पुण्यात रानड्यांच्या हाताखाली वर्षानुवर्षं घडले. 1897 साली लंडनला वेल्बी कमिशनपुढे साक्ष द्यायला गेले, तेव्हा वयाची एकतिशीही पुरी नव्हती. हिंदुस्थानच्या खर्चाचे आकडे घेऊन साहेबांच्या उलटतपासाला उभं राहायचं होतं. ती तयारी आधी रानडे आणि गणेश व्यंकटेश जोशी यांच्याबरोबर झाली होती, म्हणून साक्ष गाजली. त्याच मुक्कामात पुण्यातल्या प्लेगच्या बंदोबस्ताबद्दल निव्वळ आलेल्या पत्रांवर विसंबून ते बोलले. परत आल्यावर पुरावा उभा राहिना आणि जाहीर माफी मागावी लागली. माणूस तोच, बुद्धी तीच. कागद कुणाच्या तरी नजरेखालून गेला होता की नाही, एवढाच फरक." डायरीसाहेबानं हेही लिहून घेतलं.

दीड-दोन वर्षांनी ताईकडे स्वतःचं पहिलं मोठं काम आलं. बहिणीचं नाव वगळून भावांनी वारसाची नोंद करून घेतली होती, आणि ताईची अशील ती बहीण होती. भावांच्या बाजूनं तलाठी साक्षीला येणार होता. अण्णांनी सांगितलं, "त्याला एकच विचार. फेरफाराची नोटीस सगळ्या वारसांना बजावली होती का? तलाठ्याकडे पोच नसते. गडबडतो आणि नोंद लंगडी पडते. आजवर हा प्रश्न फुकट गेलेला नाही."

ताईनं मान डोलावली, पण त्या शनिवारी ती तहसील कचेरीतून काढलेली फेरफाराच्या कागदांची नक्कल घेऊन आली. "अण्णा, हा प्रश्न विचारला तर आपणच अडकू. नोटीस आहे, पोच आहे, आणि पोचेवर अशिलाची सहीसुद्धा आहे."

अण्णांनी कागद उजेडात धरला. "खरंच की. मग?"

"सहीची तारीख बघा. त्या दिवशी ती बाळंतपणासाठी पुण्याच्या दवाखान्यात दाखल होती. डिस्चार्ज कार्ड आहे तिच्याकडे. म्हणून बजावणी झाली का, हे विचारूच नये. सही तुमच्यासमोर झाली का, एवढंच विचारावं, असं मला वाटतं. चुकत असेन तर सांगा."

अण्णा बराच वेळ बोलले नाहीत. मग डायरीसाहेबाला बोलावलं. "गेल्या वर्षी तुलाही मी हाच प्रश्न दिला होता. तुझ्या तलाठ्यानं काय उत्तर दिलं?"

तो चाचरला. "त्यानं... पोच काढून दाखवली, अण्णा. सह्यांनिशी."

"आणि मला काय सांगितलंस?"

"उलटतपास ठीक झाला म्हणालो. तुमचा प्रश्न चुकला, हे तुम्हाला कसं सांगणार? अपमान झाल्यासारखं वाटलं असतं."

अण्णा रागावले नाहीत. "प्रश्न माझा होता, पण साक्षीदार तुझ्यासमोर उभा होता. तिथं काय घडलं ते तू सांगितलं नाहीस, तर मला दिसणार कुठून? कागद आता नीट ठेवले जातात, हे मला वर्षापूर्वी कळलं असतं. तू गप्प राहिलास, म्हणून तोच फुटका प्रश्न मी हिच्या हातात दिला. ही कागद बघून परत आली नसती, तर एका बाईचा हक्क गेला असता. मान राखलास रे माझा, पण मला अडाणी ठेवून."

साक्षीच्या दिवशी ताईनं विचारलं, "ही सही तुमच्यासमोर झाली?" तलाठी म्हणाला, "नाही. नोटीस कोतवालामार्फत गेली, त्यानंच पोच आणून दिली." तिला हवं होतं ते मिळालं होतं. तिनं आणखी एक प्रश्न विचारला आणि तलाठ्याला सावरायला जागा मिळाली. शनिवारी तिनं दोन्ही गोष्टी सांगितल्या. अण्णा म्हणाले, "हवं ते उत्तर मिळालं की खाली बसायचं. हे मी तुला सांगायला विसरलो होतो."

त्यानंतर अण्णा कुठल्याही ज्युनिअरला तो प्रश्न देताना आधी विचारू लागले, "मूळ कागद पाहिलास का?" आणि एका शनिवारी ताईचा अर्धा तास संपायची वाट बघत डायरीसाहेब दाराशी उभा राहिला. डायरी घरी होती. हातात स्वतः लिहिलेला, अर्ध्यावर अडलेला दावा होता आणि समासात तीन लाल खुणा होत्या. बसल्याबरोबर तो म्हणाला, "आधी मागच्या दोन कामांत काय बिघडलं ते सांगतो."

तात्पर्य : जाणत्याकडे जाताना मोघम प्रश्न नेऊ नये, स्वतः केलेलं काम न्यावं आणि कुठं अडलं त्यावर बोट ठेवावं. मिळालेला सल्ला वापरून पाहावा आणि तो फळला की फसला, हे परत येऊन सांगावं. जो हे सांगत नाही, त्याला पुढचा सल्लाही जुनाच मिळतो, आणि त्याच्यामागून येणाऱ्यालाही.