सब्र कुणी करायचा?

आम्हा संधिवाताच्या रोग्यांत एकमेकांची चौकशी करण्याची एक पद्धत आहे. तब्येत कशी आहे, असे कुणी विचारत नाही. ‘कितीवर आहात?’ असे विचारतात. उत्तरही आकड्यातच येते. वीस, दहा, साडेसात. नांदेडला विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्यातली ओपीडीची रांग असो, की लातूरहून सोलापूर-पुण्याकडे तपासणीला जाणारी गाडी असो, प्रश्न तोच. आकडा प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडच्या मिलिग्रॅमचा असतो. तो लहान असला तर समोरचा ‘माशाअल्लाह’ म्हणतो. मोठा असला की सांगणाऱ्याची नजर खाली जाते.

नजर खाली का जावी? हा प्रश्न वैद्यकाचा नाही, नीतीचा आहे. गोळी कमी झाली म्हणजे माणूस अधिक सोशिक, अधिक धीराचा झाला, असे आपण धरून चालतो. हे गृहीत कुठून आले, ते पाहायला हवे.

आमवात, ल्युपस, आतड्याची जुनी सूज ही सगळी एका कुळातली दुखणी. शरीराची राखण करणारी फौजच घरच्या माणसांवर उलटते. सांधे सुजतात, सकाळी उठल्यावर तास-तासभर बोटे मिटत नाहीत. सप्टेंबर १९४८ म्हटले की आमच्या मराठवाड्यातल्या जुन्या लोकांना पोलीस अॅक्शनच आठवते, आणि त्याबद्दल ते आजही आवाज खाली आणून बोलतात. त्याच महिन्यात अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने जखडलेल्या एका तरुण बाईला कॉर्टिसोनचे इंजेक्शन दिले. काही दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच, केंडल आणि राइखस्टाइन यांना या कामासाठी नोबेल मिळाले. पण औषध थांबवले की दुखणे परत येते आणि जास्त दिवस दिले की ते शरीराला बाधते, हेही लवकरच ध्यानात आले. चेहरा चंद्रासारखा गोल होतो, साखर वाढते, हाडे ठिसूळ होतात, मोतीबिंदू लवकर येतो. म्हणून गोळी कमी करायची. पण हळूहळू करायची.

हळूहळू का, हे समजायला लातूरकरांना डॉक्टरची गरज पडू नये. मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या दोन लहान ग्रंथी असतात. शरीराला रोज लागणारे स्टेरॉइड त्या स्वतःच बनवतात. ते साधारण पाच मिलिग्रॅम प्रेडनिसोलोनच्या तोडीचे असते. बाहेरून रोज त्याहून जास्त मिळू लागले की मेंदू त्यांना कामाचा निरोप धाडणेच बंद करतो. दारात टँकर येऊ लागला की घरच्या आडाचा गाळ कोण काढतो? झरे बुजत जातात. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी आले. पहिल्या गाडीत सुमारे पाच लाख लिटर होते. ती गाडी एखाद्याने मध्येच अडवली असती आणि लातूरकरांना सांगितले असते, ‘आता स्वतःच्या पायावर उभे राहा’, तर त्याला आपण स्वाभिमानाचा पुरस्कर्ता म्हटले असते काय? महिनोन्‌महिने घेतलेली गोळी एकदम बंद केली तर रक्तदाब कोसळतो, उलट्या होतात, माणूस दगावूही शकतो. म्हणून दहाच्या खाली आल्यावर पाऊल लहान करायचे. पाचची गोळी मधोमध तोडून अडीच करायची, महिना-महिना थांबायचे. झरे मोकळे व्हायला कधी वर्ष लागते.

आपल्याकडे मात्र या गोळीला गुटख्या-दारूच्या ओळीत बसवतात. ‘सवय लागली,’ म्हणतात. ही नशा नाही. शरीराची गरज आणि मनाची तलफ यांत फरक आहे. आणि क्षणभर नशा मानली, तरी खुद्द दारूची बंदी टप्प्याटप्प्याने आली, हे आपल्यातल्या कुठल्याही मुलाला मदरशात शिकवतात. २०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर काळ्या बुरशीने लोकांचे डोळे आणि जबडे नेले. साखर वाढलेल्या रोग्यांना बेहिशेबी दिलेले स्टेरॉइड हे त्यामागचे एक मोठे कारण होते. तेव्हापासून स्टेरॉइड हा शब्दच घराघरांत शिवीसारखा झाला. त्याआधी वर्षभर, जून २०२० मध्ये, ब्रिटनमधल्या चाचणीने डेक्सामेथासोन या स्टेरॉइडमुळे ऑक्सिजनवरच्या रोग्यांचे प्राण वाचतात हे दाखवले होते, ते कुणाच्या लक्षात राहिले नाही. उलट गोळी सोडून जडीबुटीच्या पुडीकडे वळणारे वाढले. अशा काही पुड्यांत स्टेरॉइडच कुटून घातलेले असते, हे अनेकदा उघडकीस आले आहे. त्या पुडीवर मिलिग्रॅम लिहिलेले नसतात, एवढाच काय तो फरक.

पण आम्हाला खरे बोलायचे आहे ते घराबद्दल. चाळीसच्या डोसवर बाई चार दिवसांत उठते. पीठ मळते, पाणी भरते, झोप उडालेली असते म्हणून पहाटे भांडीही घासून टाकते. सगळे खूश. मग डॉक्टर डोस उतरवतात, आणि दहाच्या आसपास तिचे मनगट पुन्हा बोलू लागते. तेव्हा घरातून शब्द येतात, ‘पैले तो अच्छी थी, अब क्या हुआ?’ आणि कुणी आपुलकीने म्हणते, बेटी, सब्र कर. बकरीद आली, नणंदेचे लग्न आले, की तेच घर म्हणते, तेवढ्यापुरती गोळी वाढवून घे. म्हणजे डोस कमी करताना तिने सोसायचे आणि वाढवताना तिच्या हाडांनी सोसायचे. डोस ठरतो कुणाच्या सोयीने? गोळीने दिलेली ताकद ही पुष्कळदा बाईच्या अंगावर काढलेली उचल असते, आणि खर्च मात्र सगळे घर करते.

गोळी कमी करायची तर तिचे कामही त्याच हिशेबाने कमी व्हायला हवे. अडीच मिलिग्रॅम उतरले, तर मटण धुऊन वाटे करण्याचे काम दुसऱ्या कुणी उचलले पाहिजे. सब्र करायचा तो सासूने, नवऱ्याने, जेवणाला उशीर झाला म्हणून चडफडणाऱ्या मुलांनीही. हे कुणी बोलत नाही, कारण सब्र हा शब्द आपण आजाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे.

यात आणखी एक गोष्ट अडते, ती विश्वासाची. डोस उतरल्यावर पहिले काही दिवस अंग मोडून येते, उदास वाटते, पायऱ्या चढवत नाहीत. हे औषध उतरल्याचे दुखणे. ते बहुधा ओसरते. सांधा गरम होऊन सुजला, सकाळचा ताठरपणा वाढत गेला, तर आजार परतला. रक्ताची तपासणी थोडीफार मदत करते; बाकी सारे जिचे दुखते तिनेच सांगायचे असते. तिच्या बोलण्याला घरात ‘नखरे’ म्हणत असतील तर ती डॉक्टरपुढेही ‘ठीक हूँ’ एवढेच म्हणते, आणि डोस चुकतो.

रमजानात हे जास्तच जाणवते. आजाऱ्याला रोजे पुढे करून द्यायची आणि कायमच्या आजाऱ्याला फिदया देण्याची सवलत सूरह बकरामध्ये स्पष्ट आहे. तरीही रोजा राहता यावा म्हणून गोळी टाळणाऱ्या आमच्यात कमी नाहीत. कुणाची गोळी सहरीला घेऊन भागते, कुणाला रोजा झेपतच नाही. हे आधी डॉक्टरला विचारून ठरते. अल्लाहने दिलेली सवलत मोहल्ल्याच्या नजरेला भिऊन नाकारणे याला परहेजगारी म्हणायला आम्ही तयार नाही.

काही जण शून्यावर पोहोचतात. मेथोट्रेक्सेट किंवा हायड्रॉक्सिक्लोरोक्विन लागू पडले की वाट सोपी होते. काही पाचवर किंवा अडीचवर वर्षानुवर्षे राहतात. त्यांचा आजार तसा आहे, एवढेच. चष्म्याचा नंबर सांगताना कुणी मान खाली घालत नाही.

लग्नाच्या मुलींचे मात्र कठीण आहे. स्थळ मोडेल म्हणून आजार लपवतात. नवी दुल्हन गोळ्या कपड्यांच्या घडीत ठेवते, पाकीट संपते, माहेरी जायला अजून पंधरा दिवस असतात आणि औषध एकाएकी तुटते. तापात किंवा ऑपरेशनच्या वेळी डोस उलट वाढवावा लागतो, हेही सासरी कुणाला ठाऊक नसते. म्हणून पर्समध्ये एक चिठ्ठी असावी. आजाराचे नाव, गोळीचे नाव, रोजचे मिलिग्रॅम, किती महिन्यांपासून, आणि ‘एकदम बंद करू नये’ हे शब्द. मराठीत आणि इंग्रजीत, दोन्हींत लिहावी. उर्दूत हवी तर जरूर असावी, पण अपघात विभागात रात्रपाळीला असलेल्या डॉक्टरला ती वाचता येईलच असे नाही.