सेवेला गुण द्यावेत का?

फळाची आस न धरता लोकसंग्रहासाठी कर्म करावं, ही शिकवण टिळकांच्या ‘गीतारहस्या’ने (1915) मराठी मनात खोल रुजवली. म्हणूनच राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने वस्तीत काम करावं आणि त्याचे गुण परीक्षेत धरावेत, ही पद्धत अनेकांना खटकते. गुणांसाठी केली ती सेवा कसली, हा आक्षेप वजनदार आहे. पण निष्काम म्हणजे निर्हेतुक नव्हे. माझ्या मते गुण सेवेला द्यायचेच नाहीत. सेवा करताना पडलेल्या प्रश्नाचा विद्यार्थ्याने किती चिकाटीने माग काढला, त्याला द्यायचे. राष्ट्रीय सेवा योजनेत 1969 पासून सेवा आहे, वर्षाला 120 तासांचा हिशेबही आहे. पण तासांच्या नोंदीत प्रश्नाला जागा नसते.

सुरतेतलं भेस्तान घ्या. उधना, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात कापडधंद्याच्या आधाराने आलेली खानदेशी कुटुंबं राहतात. समजा, अशा एका कामगाराचं मतदारयादीतलं नाव जळगाव जिल्ह्यातून इथे आणण्यासाठी एक विद्यार्थिनी 8 नंबरचा फॉर्म भरते आहे. नाव, जुना पत्ता भराभर लिहून होतो. पेन अडतं ते राहण्याच्या पुराव्यापाशी. लाइटबिल घरमालकाच्या नावावर, भाडेकरार केलेलाच नाही. संविधानाच्या कलम 326 मधला प्रौढ मताधिकार तिला पाठ असतो. 1950 चा लोकप्रतिनिधित्व कायदा मात्र त्या मतदारसंघाचा ‘सामान्यतः रहिवासी’ असण्याची अट घालतो. आणि त्याच कायद्याचं कलम 20 सांगतं, की नुसती घराची मालकी असली म्हणून कोणी रहिवासी ठरत नाही. मग मालकाच्या कागदावाचून भाडेकरूचं का अडावं? नागरिकत्व कायद्यात राहतं की कागदात? हा प्रश्न तिला त्या एका रकान्यात भेटतो.

दुसरा आक्षेप याहून बोचरा आहे: गरिबांची वस्ती म्हणजे विद्यार्थ्यांची प्रयोगशाळा आहे का? ती तशी होऊ नये, यासाठी दोन अटी पाळाव्याच लागतील. हाती घेतलेलं काम तडीस जाईपर्यंत त्यातल्या प्रश्नावर गुणांसाठीचा निबंध लिहायचा नाही. आणि निर्णय ज्याचा त्यानेच करायचा. गावच्या यादीतून नाव कमी होणार, हे कळल्यावर तो कामगार कदाचित फॉर्म परत मागेल. गावाशी असलेलं नातं त्याला इथल्या मतापेक्षा मोलाचं वाटत असेल. अशा वेळी रिकाम्या हाताने परतलेल्या विद्यार्थिनीलाही पुरते गुण मिळायला हवेत. माणूस स्वतःला कुठला मानतो हे त्यानेच ठरवायचं, हा लोकशाहीचा पहिला धडा तिला त्याच्याकडूनच मिळालेला असतो; आणि हाती यश न येताही काम मनापासून करणं, यालाच तर आपण निष्काम म्हणतो.