आधी हिशोब दाखव

बस खाली. चहा नंतर.

घराचं काय झालं, एवढंच विचारलं मी. तर म्हणे, ‘सर, बघून राहिलो.’ काय बघून राहिलास? २०१९ च्या मार्चमध्ये नागपुरात खापरीहून बर्डीला मेट्रो धावली, तेव्हा तू याच मनीषनगरात भाड्याने राहत होतास आणि हेच म्हणत होतास. वर्धा रोडवर डबल-डेकर पूल झाला, २०२० मध्ये सुरूही झाला. रेल्वे फाटकावर तासन्‌तास अडकणारी माणसं आता पुलावरून जातात. बेसा-पिपळ्याकडे शेतं होती, तिथे इमारती उभ्या राहिल्या. आणि तू? अकरा महिने झाले की नवा करार, वाढीव भाडं, टेम्पो, गॅसच्या पुस्तकावर नवा पत्ता. पोरीने दोनदा शाळेची बस बदलली.

भाड्याने राहण्यात कमीपणा नाही. कागदावर हिशोब मांडून ‘सर, मला घर घ्यायचंच नाही’ म्हणाला असतास, तर मी अवाक्षर काढलं नसतं. पण तू ठरवलेलंच नाहीस. न ठरवण्यालाच तू सावधपणा म्हणतोस. हा सावधपणा नाही, आळस आहे. धडधडीत आळस.

पैसा नाही म्हणतोस. किती नाही? आकडा सांग. नाही ना सांगता येत? दहावीत चक्रवाढ व्याज तोंडी सोडवणारा पोरगा तू. ऑफिसात दुसऱ्यांची बिलं पैशापैशाने तपासतोस. आणि आपल्या पगारातून महिन्याला किती उरतं, हे तुला माहीत नाही? माहीत नाही, की माहीत करून घ्यायचं नाही? कारण आकडा एकदा डोळ्यांसमोर आला, की सबब उरत नाही.

घे, कागद ओढ. चाळीस लाखांचा फ्लॅट धर. तीस लाखांच्या वरचं कर्ज असेल, तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने बँक किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देते. म्हणजे ३२ लाख बँकेचे, ८ लाख तुझे. मुद्रांक शुल्क आणि नोंदणी बँक किमतीत धरत नाही. ते तीनेक लाख तुझ्याच खिशातून. साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांचं कर्ज धरलं, तर ३२ लाखांना महिन्याचा हप्ता पावणेअठ्ठावीस हजार. झाला हिशोब. इतकी वर्षं तू चाळीस लाखांना भीत होतास. तुझी गाठ आहे अकरा लाखांशी आणि एका हप्त्याशी. ते झेपतं की नाही, हा खरा प्रश्न. नसेल झेपत, तर तीस लाखांचं घर बघ, नाहीतर दोन वर्षं पैसे साठव. पण कशाला साठवतोस, ते तरी कळेल!

आणि फुकटातली कामं का राहिली? क्रेडिट रिपोर्ट वर्षातून एकदा फुकट मिळतो. काढलास कधी? ३०० ते ९०० मधला तो एक आकडा बघायला पैसा लागत नाही, धीर लागतो. मित्राच्या कर्जाला जामीन राहिलास, त्याने हप्ते थकवले, ते तुझ्याही खात्यावर दिसतं हे तुला पुरतं ठाऊक आहे. म्हणून तू रिपोर्ट उघडत नाहीस. बँक उघडणारच आहे. तेव्हा काय तोंड दाखवशील? आज बघितलास, तर मित्राचा कान धरायला सवड तरी मिळेल.

‘भाव पडतील मग घेऊ.’ कोणी सांगितलं? ‘पितृपक्ष होऊ द्या.’ झाला. ‘दिवाळी जाऊ द्या.’ गेली. ‘पाडव्याला बघू.’ पाडवे किती आले नि गेले? मुहूर्त सही करायला लागतो रे, बेरीज करायला नाही.

पण मी चिडलो ते यावर नाही. इतकी वर्षं ढिम्म बसलेला तू, परवा एका दुपारी बेसा रोडवर एक्कावन्न हजार टोकन देऊन आलास! का, तर ‘शेवटचे दोनच फ्लॅट राहिलेत’ म्हणून. ती पावती तूच मला दाखवलीस. अर्ध्या पानाची, बिननंबरी. फ्लॅटचा नंबर पेनाने लिहिलेला. क्षेत्रफळापुढे ‘सुपर बिल्टअप’. आणि महारेरा क्रमांकाच्या जागी एक आडवी रेघ. ती रेघ तुला दिसली नाही? ऑफिसात एक सही राहिली तर फाइल परत पाठवणारा माणूस तू!

मे २०१७ पासून महारेरा आहे. नोंदलेल्या प्रकल्पाला क्रमांक असतो. संकेतस्थळावर टाक, मंजूर नकाशा, ताबा कधी, जमिनीवर बोजा किती, सगळं बसल्या जागी दिसतं. भाव विचारायचा तो चटई क्षेत्राचा. नोंदणीकृत करार केल्याशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांवर पैसे बिल्डरला घेता येत नाहीत, हा कायदा आहे. लहान भूखंडावरच्या किंवा आठपर्यंत सदनिकांच्या इमारतीला नोंदणीतून सूट असते. तशी असेल तर तसं लेखी माग. तोंडी गोडवा नको.

आणि तू नागपूरचा आहेस! ५७२ आणि १९०० अनधिकृत ले-आउट ही काय भानगड आहे, हे तुला मी सांगायचं? शेतीचे तुकडे पाडून प्लॉट विकले गेले, लोकांनी आयुष्याची पुंजी घातली, आणि मग आर.एल.साठी, म्हणजे प्लॉट नियमित केल्याच्या पत्रासाठी, सुधार प्रन्यासाचे उंबरठे झिजवले. २००१ चा गुंठेवारी कायदा त्यासाठीच आणावा लागला. तुझ्या स्वतःच्या काकांनी ती फाइल काखेत मारून किती उन्हाळे काढले, ते तू लहानपणी पाहिलंयस. तरी टोकन घेणारा तो पोरगा ‘आर.एल. प्रोसेसमध्ये आहे’ म्हणाला आणि तू मान डोलावलीस? आहे तर कागद दाखव, नाही तर रामराम. सातबारा किंवा आखीव पत्रिका, फेरफार, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट. वकील फी घेईल. द्यायची. टोकनापेक्षा कमीच असते.

तुला हे समजत नाही असं असतं, तर मी शांतपणे समजावलं असतं. तुला सगळं समजतं, राग त्याचाच येतो. बायको तुझ्याइतकीच कमावते; तिला विचारलंस कधी? घर एकट्या बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. चाळीस लाखांवर चाळीस हजार. त्यातून तुझं किती महिन्यांचं भाडं निघतं, कर भागाकार.

रविवारी सकाळी दोघं या. सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, दोघांच्या पगाराच्या स्लिपा, दोघांचे क्रेडिट रिपोर्ट आणि चालू हप्त्यांची यादी आण. मोबाइलचा हप्ताही लिही, लपवू नकोस. आणि त्या टोकनवाल्याला आज, माझ्यासमोर फोन लाव. महारेरा क्रमांक विचार. लाव ना. बघतोस काय?