शब्द कुणाचे, आवाज कुणाचा?

शाळेच्या सालाना जलशाची तयारी सुरू होती. नववीतली एक मुलगी वही घेऊन आमच्याकडे आली. तिला रॅप म्हणायचे होते, तेही स्वतः लिहिलेले. आम्ही वही हातात घेतली, पण उघडली नाही. म्हणालो, "बेटा, हे मुलींना शोभत नाही. त्यापेक्षा नात म्हण, नाहीतर तराना म्हण." ती खाली मान घालून म्हणाली, "टीचर, आपने पढा तो नहीं."

त्याआधीच्या जलशात 'गली बॉय' या २०१९ सालच्या सिनेमातले रॅप मुलांनी म्हटले होते. शब्द दुसऱ्याचे, हातवारे पडद्यावरचे. आणि आम्ही पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवल्या होत्या. शोभण्या-न शोभण्याचा प्रश्न तेव्हा मनाला शिवला नाही. मग तो आताच का आला?

खरे सांगायचे तर आमच्या डोळ्यांसमोर अमेरिकेतल्या आजच्या रॅप गायिका होत्या. २०२० च्या ऑगस्टमध्ये कार्डी बी आणि मेगन दी स्टॅलियन यांचे एक गाणे तिथे विक्रीच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. त्याचे शब्द चारचौघांत उच्चारण्यासारखे नाहीत. स्त्रीने तोंड उघडले की बाजार तिच्याकडून हेच बोलवून घेतो, अशी आमची समजूत झाली होती. ती तपासून पाहायची आम्हाला गरज वाटली नव्हती.

पण या संगीताचा इतिहास वाचू लागलो तेव्हा वेगळेच चित्र दिसले. न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी ज्या मेजवानीत हिपहॉपचा जन्म झाला असे मानतात, ती भरवली होती सिंडी कॅम्पबेल नावाच्या मुलीने. शाळेसाठी नवे कपडे घ्यायला पैसे हवेत म्हणून. तबकड्या वाजवणाऱ्या तिच्या भावाचे नाव जगभर झाले. १९७९ मध्ये रॅपची पहिली मोठी गाजलेली तबकडी काढणारी सिल्व्हिया रॉबिन्सनही बाईच होती. म्हणजे या घरात स्त्री पाहुणी म्हणून आलेली नाही. घराचा पाया घालताना ती तिथे होती. मात्र दिवाणखान्यात बसायला तिला फार उशिरा जागा मिळाली. ग्रॅमी पुरस्कारात रॅप गायिकांसाठी स्वतंत्र विभाग २००३ आणि २००४ अशी दोनच वर्षे होता, मग तो बंद झाला. लॉरिन हिलचे गाणे १९९८ मध्ये दुसऱ्या कुणाच्या साथीशिवाय पहिल्या क्रमांकावर गेले. त्यानंतर एकट्या रॅप गायिकेला ते जमले थेट २०१७ मध्ये, कार्डी बीला. मधली १९ वर्षे काय बायका मुक्या झाल्या होत्या? त्या गातच होत्या. बाजाराने त्यांच्यावर पैसा लावला नव्हता, इतकेच.

आज तो पैसा लागतो आहे. पण पैसा लागला म्हणजे स्त्री मोकळी झाली, असे मानणे भाबडेपणाचे आहे. याच मेगनला २०२० मध्ये आपल्या तबकडी कंपनीविरुद्ध करारासाठी कोर्टात जावे लागले. त्याच वर्षी तिच्या पायांवर गोळ्या झाडल्या गेल्या, आणि तिने तोंड उघडल्यावर कितीतरी लोकांनी तिलाच खोटे ठरवले, तिची टिंगल केली. गोळी झाडणाऱ्या गायकाला २०२२ च्या डिसेंबरमध्ये ज्यूरीने दोषी ठरवले. तिच्या गाण्यातला बेधडकपणा विकत घेणाऱ्या जगाला तिची साक्ष मात्र फुकटही नको होती. आणि याच मेगनने या सगळ्या धामधुमीत २०२१ मध्ये विद्यापीठाची पदवी पुरी केली, हे आम्हा शिक्षकांच्या कानावर कधी आले नाही. तिचे एक गाणे मात्र न ऐकताही आम्हाला माहीत होते.

हे सारे परक्या मुलखाचे, असे म्हणून सुटका होणार नाही. पेशवाईच्या अखेरच्या काळातले सगनभाऊ हे आपले मुसलमान शाहीर. त्या काळच्या कितीतरी लावण्यांत बाई बोलते, आर्जव करते, रुसते. पण ते शब्द लिहिणारा पुरुष असे. तिकडे लखनौत रंगीन आणि इन्शा यांनी रेख्ती लिहिली. भाषा जनानखान्यातली, शायर पुरुष, ऐकून हसणारेही पुरुष. आपण त्याला साहित्य मानले, अभ्यासक्रमात घेतले. स्त्रीच्या नावाने पुरुष बोलला तर ती कला, आणि स्त्री स्वतःच्या नावाने बोलू लागली की लगेच हयेचा प्रश्न, हा कुठला न्याय?

हया आम्हाला नकोशी झालेली नाही. पण सूरह नूरमध्ये नजर खाली ठेवण्याचा हुकूम आधी पुरुषांना आहे, स्त्रियांना त्यानंतर. रॅपमध्ये पुरुषांनी वर्षानुवर्षे बाईला शिव्या घातल्या, तिच्या देहाचा हिशेब मांडला, तेव्हा आमची तक्रार कुठे होती? वाईट शब्द वाईटच. पण त्यांचे वजन करण्याचा तराजू एकच हवा.

म्हणून आता आम्हाला वाटते, की गायिका किती खपते यावरून तिची किंमत करू नये, आणि तिची शरमही ठरवू नये. विचारायचे ते एवढेच, की शब्द तिचे आहेत का? कमाईवर हक्क तिचा आहे का? आणि उद्या तिला वेगळे काही म्हणावेसे वाटले, तर तिला कुणी ऐकेल का? हा तिसरा प्रश्न बाजारालाच नव्हे, आपल्यालाही लागू पडतो. मुंबईच्या गोवंडीतली सानिया एम. क्यू. हिजाब घालून रॅप करते, हे २०२२ च्या सुमारास वर्तमानपत्रांतून आले. आम्ही ते वाचले, कौतुकाने मान हलवली आणि पान उलटले. आपल्या वर्गातल्या मुलीची वही मात्र मिटलेलीच ठेवली. बाजार स्त्रीचे एकच बोलणे विकत घेतो आणि बाकीचे टाकून देतो. आम्ही तर तिचे सगळेच बोलणे न वाचता परत करत होतो.

त्या रात्री आम्ही वही उघडली. चाळीस-एक ओळी होत्या. तिच्या थोरल्या बहिणीची शाळा सातवीनंतर सुटली, कारण पुढची शाळा लांब होती आणि एस. टी. वेळेवर येत नव्हती. आता ती बहीण धाकटीचे दप्तर भरून देते. एवढाच विषय. त्यात एकही शब्द असा नव्हता जो तिच्या अब्बांसमोर म्हणता आला नसता.

जलसा तोवर होऊन गेला होता. तिने नात म्हटली होती आणि छान म्हटली होती. आम्ही वहीत लाल शाईने इमल्याच्या सहा चुका दुरुस्त केल्या. दुरुस्त करण्यासारखे दुसरे काही त्यात नव्हते. या वर्षीच्या कार्यक्रमांच्या यादीत तिचे नाव आणि समोर 'रॅप, स्वतःचे' असे आम्ही लिहिले आहे. यादी अजून मंजूर झालेली नाही. नात्याने नाही, पण कामाने ती आमची मुलगी आहे. तेव्हा बैठकीत तिच्या बाजूने बोलायचे काम आमचे. तिने तिचे म्हणणे आधीच लिहून दिले आहे.