धुऱ्यापलीकडची बांधी

लाखनी तालुक्यातल्या एका गावात मामा (माजी मालगुजारी) तलावाखाली दोघांच्या धानाच्या बांध्या लागून होत्या. मध्ये हातभर धुरा. कोहळी लोकांनी खपून बांधलेल्या अशा तलावांवर भंडाऱ्याचा धान पिढ्यान्‌पिढ्या पिकत आला आहे. इथंही दोघांना पाणी एकाच तलावाचं आणि मातीही एकच, सिहार.

तरुण शेतकऱ्याचा गोठा भरलेला. शेजारच्या म्हाताऱ्याकडे नुसती बैलजोडी. दर उन्हाळ्यात म्हातारा बंडी जुंपून यायचा आणि तरुणाच्या उकिरड्यातलं शेणखत विकत न्यायचा. तरुणाचा हिशेब सरळ होता. शंभर किलो शेणखतात नत्र जेमतेम अर्धा किलो, युरियाच्या ४५ किलोंच्या गोणीत जवळजवळ २१ किलो. मग शेण विकून गोणीच का आणू नये? मी त्याला दोष देत नाही. गोणी खांद्यावर येते. हेक्टरी १० टन खत वाहायचं म्हणजे बैलांचा आणि माणसांचा जीव निघतो.

अशी बारा वर्षं गेली. एका श्रावणात रोवणा आटोपला आणि पावसानं दडी मारली. तलावानंही तळ गाठला. तरुणाच्या बांधीला बोट जाईल एवढ्या भेगा पडल्या. धुऱ्यापलीकडे मात्र चिखल अजून ओला, धान हिरवागार.

तो म्हाताऱ्याकडे गेला. "काका, माझी दीड एकर घ्या अन् तुमची एक एकर मले द्या. तुमची जमीनच नशीबवान."

म्हाताऱ्यानं कुदळ उचलली आणि स्वतःच्या बांधीच्या कोपऱ्यात खड्डा घेतला. वरची वीतभर माती काळसर, मऊ. मुळांच्या जाळीत एक गांडूळ वळवळत होतं. त्याखाली फिकट पिवळी, घट्ट माती लागली. म्हाताऱ्यानं तिचं एक ढेकूळ तरुणाच्या हातावर ठेवलं.

"ओळख पाहू."

"ही तर माझ्या बांधीतलीच वाटते."

"खाली दोघांचीही एकच हाय, बापू. वरचा थर तुझ्या गोठ्यातून आला. तुझा धान बाजारात गेला, तणस जनावरांच्या पोटात गेलं, अन् शेण मी बंडीनं इकडे आणलं. तुझी जमीन दरसाल थोडी थोडी धुरा ओलांडत होती. गोणीनं पीक उठते, पण माती भरत नाही. जमिनीनं दिलं त्यातलं तिले परत द्यावं लागते."

तरुण बराच वेळ ढेकूळ चुरत बसला. "माझी किती सालात होईल अशी?"

"एका सालात नाही होत. पण आजपासून मोज."

धान निघाल्यावर त्यानं जांभळीच्या सावलीत खड्डा खणला. शेण, तणसाचा चुरा, पालापाचोळा थरावर थर घातला. बायकोनं गोठ्यापासून खड्ड्यापर्यंत नाली काढली, कारण मूत्र वाहून गेलं तर खताचा निम्मा जोर जातो, हे म्हाताऱ्यानं तिला सांगितलं होतं. कच्चं शेण टाकलं तर वाळवी आणि तण दोन्ही येतात, म्हणून चार महिने कुजू दिलं.

उन्हाळ्यात म्हातारा नेहमीसारखा बंडी घेऊन आला. तरुण अवघडला. "काका, यंदा विकायचं नाही."

"विकत घ्यायला कोण आलं? माझ्या धुऱ्यावर गिरीपुष्प माजलं हाय, चिखलणीत त्याचा पाला तुडवीन. तुझी बंडी मोडकी हाय म्हणून आलो."

दोघांनी मिळून खत भरलं. बैल सवयीनं पलीकडच्या बांधीकडे वळू लागले. म्हाताऱ्यानं कासरा ओढला आणि बंडी धुऱ्याच्या अलीकडेच रिकामी केली.