सायडिंगवरचा साक्षी

मराठीत मालडब्याला वाघीण म्हणतात. इंग्रजी ‘वॅगन’नं इथं येऊन घेतलेला हा अवतार, पण शंटिंग बघत ताटकळलेल्या माणसाला तो फार पटतो. कोणती वाघीण कुठल्या कोंडवाड्यात, आणि तिला बाहेर काढायची तर आधी कुणाला हलवायचं, एवढ्यावरच सगळा खेळ असतो.

मायामीच्या अलापाटा भागात फळं-भाजीपाल्याच्या गोदामांमधून सीएसएक्स रेल्वेची एक शाखा जाते. दिसायला रूपवान असं तिच्यात काही नाही. मागच्या भिंती, कुंपणं, गवतात बुडालेले रूळ. लान्स माइंडहाइम या अमेरिकी मॉडेलकारानं नेमकी हीच शाखा छोट्या प्रतिकृतीत घरात उभी केली. त्यांचं सांगणं असं, की खेळात घाई नको, खरा माणूस जेवढा वेळ घेतो तेवढा घ्या. खरा कंडक्टर इंजिनावरून उतरतो, सांध्यापर्यंत चालत जातो, कुलूप काढतो, सांधा फिरवतो, इंजिनाला हात करतो. जोडणी झाली की हवेच्या नळ्या, मग हातब्रेक. हौशी माणूस सायडिंगच्या कुंपणाशी उभा राहतो तो इंजिनासाठी नव्हे, या खोळंब्यासाठी. घरी परतल्यावर तोच खोळंबा तो टेबलावर मांडतो. काहीजण तर टेबलाच्या कडेला खरंखुरं कुलूप लावतात. ते उघडल्याशिवाय सांधा फिरवायचा नाही.

बाकी सगळी भातुकलीच. वाघिणीत माल नाही, गोदामात गिऱ्हाईक नाही. तरी प्रत्येक कृती यथासांग. फळाची आशा नसलेलं कर्म म्हणतात ते हेच का? मोह तर होतो. मुंडकोपनिषदात एकाच झाडावर दोन पक्षी आहेत. एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. कुंपणापाशी उभ्या असलेल्या माणसाला दुसऱ्या पक्ष्याच्या फांदीवर बसवायला काय हरकत आहे? ईश्वरकृष्णाच्या सांख्यकारिकेतला पुरुषही साक्षी आहे, द्रष्टा आहे, आणि अकर्ता आहे.

पण हे शेवटचं विशेषण इतक्या सहज चिकटवता येत नाही. बघणारा बघताना काय निवडतो आणि काय वगळतो, तिथंच त्याचं कर्तेपण सुरू होतं.

इंग्लंडमध्ये अॅलन राइट यांनी नॉर्थम्बरलंडमधल्या किलहॅमच्या सायडिंगांवरून एक कोडं बेतलं. तीन सायडिंगा, आठ वाघिणी. त्यांतल्या पाच चिठ्ठ्या टाकून निवडायच्या आणि ठरल्या क्रमानं गाडीला लावायच्या. असे क्रम होतात 6,720. कोडं म्हणून झकास, जगभर खेळलं जातं. मात्र किलहॅममधलं इथं उरलं काय? क्रम उरला. पाऊस, ओला लोखंडी दांडा, तो ओढणारा माणूस, सगळं गळालं.

त्या माणसाकडे एकानं पाहिलं होतं. आयोवाचा लोरेंझो कॉफिन हा शेतकरी, अमेरिकी यादवी युद्धात पलटणीचा धर्मोपदेशक. 1874 मध्ये त्याच्या डोळ्यांदेखत वाघिणी जोडताना एका ब्रेकमनची बोटं तुटली. दोनच होती त्या हाताला. आधीची अशाच कामात गेलेली. त्या काळी दोन डब्यांच्या मधे उभं राहून, डबे एकमेकांवर आदळण्याच्या क्षणी हातानं खीळ घालावी लागे. कॉफिननं पुढची कित्येक वर्षं पत्रं लिहिण्यात आणि सभांमधून बोलण्यात घालवली. लोक त्याला वेडा समजत. अखेर 1893 मध्ये अमेरिकी संसदेनं स्वयंचलित जोडणी आणि हवेचे ब्रेक सक्तीचे करणारा कायदा केला.

मराठीत साक्षी आणि साक्षीदार असे दोन शब्द आहेत हे बरंच आहे. पहिला वेदान्तातला, दुसरा कोर्टातला. पहिल्याला काही बोलावं लागत नाही. दुसऱ्यानं गप्प राहायचं नसतं. सायडिंगवर उभं राहिलेल्या माणसानं यातलं कोण व्हावं?

कॉफिनचं नाव पुढे करून मॉडेलकाराला खाली बसवणं सोपं आहे, आणि ते अन्यायाचंही होईल. कारण ती स्वयंचलित जोडणी मुळात आली एका खेळण्यासारख्या वस्तूतून. इलाय जॅनी हा व्हर्जिनियातला, कापडचोपड विकणाऱ्या दुकानातला कारकून. त्यानं चाकूनं लाकूड तासून दोन वाकवलेल्या पंजांचा नमुना केला. एकमेकांत अडकले की घट्ट बसणारा. 1873 मध्ये त्याला पेटंट मिळालं. आपल्याकडच्या मालगाड्यांना आज दिसते ती मधली जोडणी याच वंशातली. म्हणजे आधी खेळणं झालं आणि खरी वस्तू मागून आली. अनुकरण हे मूळ वस्तूपेक्षा नेहमी उणंच, या जुन्या तात्त्विक तक्रारीला हा लाकडाचा तुकडा चांगलाच अडचणीचा आहे.

टेबलावरच्या वाघिणींना आता हाच पंजा असतो, नखाएवढा. त्या आपोआप जोडल्या जातात, मधे कुणी उभं राहत नाही. माइंडहाइमच्या पद्धतीनं खेळणारा तिथंही हात आखडून थांबतो. नसलेल्या कंडक्टरला नसलेल्या नळ्या जोडायला वेळ देतो, मनातल्या मनात पावलं मोजतो. रुळाशेजारी एखादा तयार पुतळा चिकटवलेला असतो. 1:87 या मापात माणूस जेमतेम दोन सेंटीमीटरचा होतो. हाताला बोटं किती, ते भिंग लावल्याशिवाय कळत नाही.