सोबत चालणारा प्रभू





परीक्षा संपल्या, मुलांना सुट्टी लागली. गेल्या रविवारी मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामातील एका भगिनीने मला लेकीचे फोटो दाखवले. लेक जर्मनीत नोकरीला आहे. रजा काढून ती इटलीच्या तोस्काना प्रांतात चार दिवस पायी चालली, सान मिनियातोपासून सिएनापर्यंत. ही वाट फार जुनी. कँटरबरीचे आर्चबिशप सिगेरिक यांनी ९९० साली रोमहून परतताना या मार्गावरच्या ७९ मुक्कामांची नोंद करून ठेवली. फोटोंत द्राक्षमळे होते, सुरूसारखी उंच झाडे होती, टेकडीवर बुरुजांचे गाव होते. आई म्हणाली, “फादर, तेवढ्याच पैशांत बसने तीन शहरं पाहून झाली असती. चालून काय मिळालं हिला?”

मुलीने आईला दिलेले उत्तर मला आवडले. तिसऱ्या दिवशी टप्पा मोठा होता, तीस किलोमीटरच्या आसपास. दुपारीच तिच्या पायाला फोड आले. आदल्या मुक्कामी ओळख झालेल्या एक वयस्क बाई पुढे गेल्या होत्या. त्या थांबल्या आणि संध्याकाळपर्यंत हिच्या चालीने चालल्या. एकमेकींची भाषाही धड येत नव्हती. मुलगी म्हणाली, “आई, मी बुरूज विसरेन, त्या बाईंना विसरणार नाही.”

आजच्या शुभवर्तमानातही (लूक २४:१३-३५) दोघे जण चालत आहेत. यरुशलेमहून अम्माऊस हे अंतर साधारण अकरा किलोमीटर, म्हणजे आपल्या कर्वेनगरहून जवळजवळ खडकवासल्याच्या धरणापर्यंत. मन मोडले आहे, आशा संपली आहे, ते यरुशलेम सोडून निघाले आहेत. खरे पाहता त्यांची दिशाच चुकली आहे. येशू त्यांना गाठतो, पण वाटेत आडवा उभा राहून ‘मागे फिरा’ म्हणत नाही. तो त्यांच्या बाजूने चालू लागतो. आधी विचारतो, ऐकून घेतो, मग शास्त्रलेख उलगडून सांगतो. ज्याने मरणावर जय मिळवला, तो दोन खचलेल्या माणसांच्या संथ चालीने, चुकीच्या दिशेने, मैलोन् मैल चालतो. भाकर मोडताना त्यांचे डोळे उघडतात आणि मग ते आपण होऊन, रात्रीच्या अंधारात, यरुशलेमला परततात.

हे वाचताना मला दरवेळी माझी एक चूक आठवते. काही वर्षांपूर्वी मी तरुणांना घेऊन सिंहगडावर गेलो होतो. आतकरवाडीच्या पायवाटेने चढ सुरू झाला. मला चालण्याची सवय, त्यामुळे चार-पाच दमदार मुलांबरोबर मी पुढे निघालो. तासाभरात वर पोहोचल्याचा अभिमानही वाटला. पिठलं-भाकरीला बसलो तेव्हा कळले की एक मुलगा आलाच नाही. अर्ध्या वाटेवरून तो परत गेला होता. दोन दिवसांनी त्याची आई आली. त्याने कॉलेज सोडले होते, घरी सांगायची हिंमत नव्हती. “तुमच्याशी बोलायचं म्हणून आला होता, फादर. पण तुम्ही पुढे गेलात.”

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना साध्य आणि साधन यांवर मी पानेच्या पाने लिहिली होती. त्या दिवशी ते कळले. गडाचा माथा हेच साध्य ठरले की मागे राहणारा माणूस अडथळा वाटू लागतो. पुढे तो मुलगा आणि मी कॅनॉल रोडने कित्येक संध्याकाळी चाललो. पहिल्या तीन वेळा तो काहीच बोलला नाही.

इटलीतीलच एक डोंगरप्रेमी तरुण, पियेर जोर्जो फ्रासाती, याला ७ सप्टेंबर २०२५ रोजी संत घोषित करण्यात आले. जन्म १९०१ सालचा, तुरीन शहरातला. वडील मोठ्या वृत्तपत्राचे मालक. हा मित्रांना घेऊन आल्प्स पर्वतात चढाईला जाई आणि शहरात आला की गरिबांच्या खोल्यांचे जिने चढे. चोविसाव्या वर्षी पोलिओने त्याचा मृत्यू झाला. अंत्ययात्रेला रस्त्यांवर गरिबांची अलोट गर्दी लोटली, तेव्हा कुठे घरच्यांना कळले की आपला मुलगा कुणाकुणाकडे जात होता. आज इटलीत त्याच्या नावाच्या डोंगरवाटा आहेत.

इतक्या दूर कशाला जावे? आपण राहतो त्या जागेलाच पाहा. हे पूर्वीचे हिंगणे. १९०० साली महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी विधवांचा आश्रम येथे एका झोपडीत आणला. दिवसा फर्ग्युसन कॉलेजात शिकवायचे आणि मग ओसाड, चिखलाच्या वाटेने पायी हिंगण्याला यायचे. ते ख्रिस्ती नव्हते. पण ज्यांच्याबरोबर चालायला समाज तयार नव्हता, त्यांच्यासाठी ते रोज ही वाट तुडवत होते. आपल्या नगराचे नाव त्या चालण्यातून आले आहे.

म्हणून सुट्टीत जरूर चालायला जा. ज्यांना जमेल त्यांनी इटलीला जावे, बाकीच्यांना सिंहगड आहे, तळजाई आहे. एवढेच करा: निघताना घरातला किंवा शेजारचा सर्वांत हळू चालणारा माणूस बरोबर घ्या. गुडघे दुखणारी आजी असेल, अबोल झालेला मुलगा असेल, नोकरी गेलेला भाऊ असेल. मोबाईल खिशात ठेवा. त्याच्या चालीने चाला. उपदेश करू नका. तो बोलेल, किंवा आज बोलणारही नाही. माथा गाठला नाही तरी चालेल.

हे प्रभू येशू, आम्ही वाट चुकलो तेव्हाही तू आमच्या बाजूने चाललास. मागे राहिलेल्यासाठी थांबायला आमच्या पायांना शिकव. आमेन.

आपला,
धर्मगुरू